वर्गणीच्या पायऱ्या

पाचगणीहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर भिलार हे गाव आहे. स्ट्रॉबेरीच्या या गावाला 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ अशी दुसरी ओळख लाभली. राज्य मराठी विकास संस्थेच्या योजनेतून तेथील घराघरांत मराठी पुस्तके ठेवण्यात आली. कोणीही यावे, बसावे आणि हवे ते वाचावे. त्यासाठी पैसा द्यावा लागत नाही. अर्थात ही पुस्तके कोणाच्या तरी पैशाने आलेली आहेत. लेखकाच्या श्रमाचे मोल कोणी द्यावे हा प्रश्न तेथे सुटलेला नाही, तो फक्त वाचकाच्या नजरेआड झाला आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आमच्या धर्मग्रामातील एका हौशी लेखिकेमुळे. दिवसभर नोकरी आणि रात्री मोबाइलवर क्रमशः कादंबरी, असा तिचा क्रम. वाचक वाढले, तेव्हा तिने वर्गणी ठेवण्याचे योजिले आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. “फादर, तीन पायऱ्या पुरेत ना?” पहिली पायरी विनामूल्य, आठवड्याला एक भाग. दुसरीवर अल्प मासिक वर्गणी. त्या वाचकांना नवा भाग काही दिवस आधी मिळणार. तिसरी सर्वांत महाग. तिच्या वर्गणीदारांना कादंबरीचे शेवटचे तीन भाग, एखाद्या पात्राला आपले नाव देण्याचा मान, आणि नायिकेचा विवाह कोणाशी व्हावा यावर मत!

तिची कल्पना जगावेगळी नव्हे. बंगळुरूहून चालणाऱ्या ‘प्रतिलिपि’वर मराठी कथालेखक अशा वर्गणीदारांच्या आधारावर लिहीत आले आहेत, ‘पेट्रिऑन’ ही अमेरिकन संस्था तर 2013 पासून लेखक-कलावंतांना पायऱ्या आणि त्यांचे दर स्वतः ठरवू देते. मोबदला घेण्यात मला गैर काही दिसत नाही. हौस आहे म्हणून घाम फुकट, हा न्याय आपण गवंड्याला लावत नाही.

भागाभागाने लिहिणे आणि त्याचे पैसे घेणे, दोन्ही जुनेच आहे. डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ 1836-37 मध्ये मासिक भागांनी निघाले, भागाला एक शिलिंग. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. वाचक हळहळले असतील, पण त्यांची वर्गणी साप्ताहिकाला होती. अंकात वाचायला आणखीही पुष्कळ असे. आजचा वर्गणीदार एकाच लेखिकेला, एकाच कथेसाठी पैसे देतो. तिला ताप आला, मुलांच्या परीक्षा आल्या, तरी भाग देणे तिच्या डोक्यावर राहतेच. म्हणून मी तिला पहिला सल्ला दिला तो दराविषयी नव्हे, वेळेविषयी. दर आठवड्याचे वचन देऊ नये, पंधरवड्याचे द्यावे. आणि चार भाग हाताशी लिहून ठेवल्याशिवाय एकही रुपया घेऊ नये.

खरी नवी गोष्ट आहे ती वाचकांतील श्रेणी. शिलिंग देणाऱ्या प्रत्येकाला तोच पिकविक मिळत असे. दुसऱ्या पायरीवर विकली जाते ती केवळ प्रतीक्षा. धनवान आधी वाचतो, दुसरा मागाहून, पण कथा दोघांना एकच. तिसऱ्या पायरीवर मात्र कथाच विकली जाते. एखाद्याच्या हेतूने मिस्सा अर्पण करावी म्हणून तो दान देतो, पण त्या मिस्सेला देऊळ इतरांना बंद होत नसते. शेवटचे तीन भाग अडवणे म्हणजे चाळीस भाग सोबत चाललेल्या वाचकाला उंबऱ्यावर थांबवून दार लावणे होय.

याचा परिणाम लेखनावर होतो, हे मी तिच्याच भागांवरून सांगतो. आरंभीच्या भागांत नायिकेची आजारी सासू आहे. तिचे औषध, तिचा संशय, दोघींमधली अबोल माया लेखिकेने इतक्या संयमाने रेखाटली आहे की ते भाग मी दोनदा वाचले. वर्गणीचा विचार सुरू झाल्यापासून मात्र प्रत्येक भागाच्या अखेरीस दारावर थाप पडते किंवा अनोळखी फोन वाजतो. सासू जवळजवळ नाहीशी झाली आहे. बिचारीच्या खोकल्यासाठी पुढचा भाग आधी वाचायला कोण पैसे देणार? आणि विवाहाचा निर्णय वर्गणीदारांच्या मतावर सोडला, तर ज्या नायिकेला तिने एवढ्या कष्टाने स्वतःचे मन दिले, तिचे ते मन लिलावात जाईल.

हे सारे मी तिला सांगितले. ती रागावली. “पुस्तके फुकट वाटणाऱ्यांना कोणी हे विचारत नाही,” असे म्हणून कागद घेऊन गेली. तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तिने तोच कागद पुन्हा दाखवला. तिसरी पायरी खोडलेली होती. दुसरीचा दर मात्र तिने वाढवला होता, आणि खाली पेन्सिलीने लिहिले होते: ‘सासू, भाग 23.’