संधि आणि समास : ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’च्या निमित्तानें

दुसऱ्यांनीं रचलेलें निवडून, क्रमानें लावून लोकांपुढें मांडणाऱ्या मनुष्यास कलावंत म्हणावें कीं नुसता संग्राहक म्हणावें, हा प्रश्न आपल्या वाङ्मयांत नवा नाहीं. परशुरामतात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं ‘नवनीत’ प्रसिद्ध केलें. त्यांत तात्यांची स्वतःची कविता किती, असें विचारणारा मनुष्य वेडा ठरेल. आणि तरीहि जुन्या मराठी कवितेची जी मूर्ति पुढील पिढ्यांच्या मनांत ठसली, ती पुष्कळ अंशीं त्यांच्या निवडीनें घडलेली आहे. आम्ही स्वतः गेलीं तीस वर्षें दुसऱ्यांच्या कविता दुसऱ्यांच्या मुलांस शिकवून पोट भरीत आहों. तेव्हां या प्रश्नाचा निवाडा करतांना आमचें आसन अगदींच निःपक्षपाती नाहीं, हें वाचकांनीं आधींच लक्षांत घ्यावें.

हा प्रश्न आज नव्यानें उकरून काढण्यास कारण झालें तें ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’ या दोन तबकड्यांच्या संग्रहाचें. साशा आणि जॉन डिग्वीड या दोन डीजेंनीं तो सिद्ध केला व १९९६ सालीं लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’नें प्रसिद्ध केला. आमच्या एका विद्यार्थ्यानें तो आम्हांस आणून दिला, आणि ‘सर, यांत यांचें स्वतःचें कांहींच नाहीं, म्हणूनच ऐका’ असें म्हणून तो निघून गेला. आमच्याकडे डीजे म्हटलें कीं माणूस डोळ्यांपुढें येतच नाहीं. मिरवणुकींतल्या ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत येते, आणि खिडक्यांचीं तावदानें थरथरूं लागतात. त्यामुळें ही पुडी उघडावयास आम्हांस चांगला महिनाभर लागला, हेंहि कबूल केलेलें बरें.

ज्या संगीताचा हा संग्रह आहे त्यास ‘प्रोग्रेसिव्ह हाउस’ म्हणतात. शिकागो शहरांतील ‘वेअरहाउस’ नांवाच्या नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत असे; त्या परंपरेंतून ‘हाउस’ संगीत निघालें आणि १९८० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत पोहोंचलें. त्याच्या एका अधिक लांबट, अधिक चिंतनशील इंग्रजी शाखेस हें विशेषण चिकटलें तें १९९२ च्या जूनमध्यें, ‘मिक्समॅग’ मासिकांतील डॉम फिलिप्स यांच्या लेखामुळें. (हेच फिलिप्स पुढें ब्राझीलमध्यें वार्ताहर झाले व २०२२ सालीं अॅमेझॉनच्या जंगलांत, जावरी खोऱ्यांत, मारले गेले.) मॅन्सफील्ड या लहानशा गांवीं १९९२ सालीं निघालेल्या ‘रेनेसाँ’ नामक क्लबांत साशा व डिग्वीड यांची जोडी जमली, १९९४ सालीं त्याच नांवाचा त्यांचा तीन तबकड्यांचा संग्रह निघाला. ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’ हें त्यापुढचें पाऊल होय.

आतां या लोकांचें कसब कशांत असतें? दोन टर्नटेबलें, मध्यें मिक्सर, कानाला हेडफोन. एक तबकडी सभागृहांत वाजत असते. दुसरी फक्त वाजविणाराच्या एका कानांत. दोहोंची लय सारखी करावयाची. एकीचे मिनिटाला १२५ ठोके व दुसरीचे साडेएकशेंपंचवीस असतील, तर मिनिटभरांत दोघी अर्ध्या मात्रेनें फुटतात, आणि दोन टांग्यांचे घोडे एकाच दगडी रस्त्यावर धांवावे तसा खडखडाट होतो. म्हणून टेक्निक्सच्या प्रसिद्ध टर्नटेबलावर गति आठ टक्क्यांपर्यंत वाढविण्याची वा घटविण्याची पट्टी असते. पण येथेंच खरी अडचण आहे. तबकडी जलद फिरविली कीं लयीबरोबर सूरहि चढतो. सुमारें सहा टक्के गति वाढली कीं षड्ज जवळजवळ कोमल ऋषभावर जाऊन बसतो. लय जुळविण्यास गेलें तर सूर बिघडतो, सूर राखावा तर लय निसटते. शिवाय हें संगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या आवर्तनानें चालतें, म्हणजे सुमारें पंधरा सेकंदांचें एक आवर्तन. ठोका ठोक्यावर पडला, पण समेवर सम आली नाहीं, तर तबल्याच्या साथींत सम चुकली असतां श्रोत्यांच्या माना जशा अधांतरीं राहतात तसेंच नाचणारांच्या पायांचें होतें. आणि दोन खर्ज एकदम वाजूं लागले कीं चिखल होतो, म्हणून एकाचा खर्ज उतरवून मगच दुसऱ्याचा चढवावा लागतो.

इतकें सारें साधलें म्हणजे कला झाली काय? आमच्या मतें नाहीं. हें झालें व्याकरण. शुद्ध लिहितां येणें ही ज्याप्रमाणें कवित्वाची खूण नव्हे, त्याप्रमाणें लय जुळविणें ही डीजेच्या प्रतिभेची खूण नव्हे. आणि या कलेवर लिहिणारे पुष्कळ लोक सांधा किती गुळगुळीत आहे एवढेंच पाहून माना डोलवितात याचें आम्हांस नवल वाटतें.

‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ अशीं या संग्रहाच्या दोन तबकड्यांचीं नांवें आहेत. ‘उत्तरे’चा आरंभ केइची सुझुकी या जपानी संगीतकाराच्या ‘सॅटेलाइट सेरेनेड’नें होतो. नाचावयास आलेल्या मनुष्यास प्रथम नाचूंच द्यावयाचें नाहीं, असा हा आरंभ आहे. पुढें ‘फ्यूचर साउंड ऑफ लंडन’ या जोडीचें ‘कॅस्केड’ येतें, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गॉड विदिन’चें ‘रेनक्राय’ येतें. आणि जपान, लंडन व कॅलिफोर्निया अशा तीन ठिकाणीं, एकमेकांस न विचारतां रचलेल्या या कृति एकाच दीर्घ विचाराचीं वाक्यें असल्यासारख्या वाटूं लागतात. आम्हीं हा भाग प्रथम ऐकला तेव्हां दुसरें गीत केव्हां सुरू झालें हें आम्हांस कळलें नाहीं, व याचा थोडा रागच आला. दुसऱ्यांदा ऐकतांना कळलें कीं ज्या सुरावर पहिलें गीत विरत होतें त्याच सुराच्या सावलींत दुसरें बराच वेळ उभें होतें. तिसऱ्यांदा आम्ही केवळ त्या उभें राहण्याची वाट पाहत ऐकलें.

व्याकरणांतील संधीची येथें आठवण होते. ‘सूर्य’ आणि ‘उदय’ हे दोन शब्द जवळ येतात तेव्हां त्यांच्या मीलनाच्या जागीं जो ओकार उत्पन्न होतो तो ना पहिल्याचा, ना दुसऱ्याचा. दोन्ही शब्द शाबूत असतात. बदलतो तो फक्त सीमेवरचा वर्ण. या संग्रहांतील उत्तम जागा अशाच आहेत. जाणारें गीत व येणारें गीत कांहीं आवर्तनें एकत्र नांदतात, त्या अवकाशांत ऐकूं येणारें तिसरें संगीत कोणत्याहि मूळ तबकडीवर नाहीं, आणि तें ओसरतांच दोन्ही आपापल्या नांवानें ओळखूं येतात. तें तिसरें मात्र साशा-डिग्वीड यांचें स्वतःचें. आमच्या विद्यार्थ्याच्या ‘यांचें कांहींच नाहीं’ या वाक्यास आमचें उत्तर एवढेंच आहे.

पण स्तुति येथें थांबविली पाहिजे. ‘दक्षिण’ आम्हांस ‘उत्तरे’इतकी साधलेली वाटत नाहीं. तिच्यांत कौशल्य कमी नाहीं, किंबहुना तें जास्तच आहे, आणि तोच तिचा दोष. सांधा दिसतां कामा नये या हट्टापायीं गीतांचे चेहरे एकमेकांसारखे होत जातात. आमच्या आजीच्या गोधडीचे टांके उघड दिसत असत. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हें आम्ही मुलें बोट ठेवून सांगत असूं, आणि गोधडीची ऊब त्यामुळें कमी झाली नव्हती. सर्व तुकडे एका रंगांत बुडवून शिवले असते तर तिला गोधडी कोण म्हणता? आणखी एक तक्रार. मुखपृष्ठावर नांवें आहेत तीं निवडणारांचीं. रचणारे बिचारे यादींत. काव्यसंग्रहाच्या कव्हरावर एकट्या संपादकाचें नांव छापलें तर कवि जें म्हणतील तेंच आम्ही येथें म्हणतों.

एका गोष्टीचा विचार मात्र टीकाकारानें केला पाहिजे. ही जोडी पुढें न्यूयॉर्कच्या ‘ट्वायलो’ क्लबांत महिन्यांतून एकदां तासन् तास वाजवीत असे. तो क्लब २००१ सालीं बंद पडला. रात्रभराच्या त्या मैफलीशीं चौऱ्याहत्तर मिनिटांच्या तबकडीची तुलना करणें म्हणजे रात्रभर रंगणाऱ्या कीर्तनाची पुस्तकांत छापलेल्या आख्यानाशीं तुलना करणें होय. तरीहि ‘उत्तरे’तील संथपणा त्या अपुऱ्या जागेंतहि टिकला आहे, हें विशेष.

साशाचा ‘इन्व्हॉल्व्हर’ हा संग्रह २००४ सालीं निघाला. तोंवर संगणकानें लय आणि सूर यांची गांठ सोडविली होती. सूर न चढवितां गति वाढवितां येऊं लागली होती. साशानें ‘ग्रँड नॅशनल’, ‘श्पाँगल’, ‘अंकल’, जर्मनीचा उलरिश श्नाउस इत्यादिकांच्या कृति घेतल्या, प्रत्येकीचे अवयव सुटे केले आणि ‘एबलटन लाइव्ह’ या संगणकीय साधनाच्या साह्यानें त्या आपल्या मनाप्रमाणें पुन्हा जुळविल्या. ही रचना सुंदर आहे यांत शंका नाहीं. आम्हांस ती पुनःपुन्हा ऐकावीशी वाटते. पण ही संधि नव्हे, हा समास आहे. समासांत पदें आपले विभक्तिप्रत्यय सोडून देतात आणि सर्वांचें मिळून एकच पद होतें. यंत्रानें काम सोपें केलें म्हणून आम्ही नाक मुरडतों असें कोणी समजूं नये. सोपें होणें हा गुन्हा नाहीं. गोष्ट निराळी आहे. जुन्या तबकडीला ‘नाहीं’ म्हणतां येत असे. ‘मला अधिक जलद फिरवाल तर माझा सूर जाईल, माझ्या शेजारीं दुसरी कोणी आणा,’ असें ती म्हणे, आणि निवडणाराला पुन्हा कपाटाशीं जावें लागे. ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’ अशा नकारांच्या रीतींत वाढलेल्या कानांनीं रचलेला आहे. ‘इन्व्हॉल्व्हर’मध्यें कोणीच कोणास नकार देत नाहीं. म्हणून तेथें साशा अधिक मोठा रचनाकार दिसतो, आणि निवडणारा म्हणून थोडा लहान.

विद्यार्थ्याला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, ‘म्हणजे सर, तुम्हांला अडचण आवडते.’ आम्हांस यावर तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, आणि अद्यापिहि समाधानकारक असें सुचलेलें नाहीं.

वाचकांस एक व्यावहारिक सूचना. कित्येक यंत्रांत एक गीत संपून दुसरें सुरू होतांना क्षणभर शांतता पडते. अन्य संगीतांत ती चालून जाईल. येथें ती नेमकी ओकारावरच पडते. हा संग्रह ऐकावयाचा असेल तर तसा खंड पडणार नाहीं अशी व्यवस्था आधीं करावी, ‘उत्तरे’पासून आरंभ करावा, आणि पहिलीं दहा मिनिटें पाय हलले नाहींत म्हणून उठूं नये.