सुनावणी कोण घेतो? अनधिकृत बांधकामांविषयीच्या निर्देशांवर टिपण

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बांधकामे पाडण्याबाबत निर्देश दिले. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावेत. उद्या पालिकेत उपअभियंता म्हणून रुजू झालात की टेप धरून मोजमाप तुम्हीच घेणार आणि त्यावर कुणाचे तरी घर राहणार किंवा जाणार.

निर्देशांचा भर कागदपत्रांवर आहे आणि तो योग्यच आहे. नोटीस नोंदणीकृत टपालाने जावी, बांधकामावरही चिकटवावी, उत्तराला किमान पंधरा दिवस मिळावेत. नोटीस बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल जावा आणि त्याची पोच आपोआप यावी. मला हे कलम सर्वांत हुशारीचे वाटते, कारण मागची तारीख टाकून नोटीस काढण्याची वाट त्याने बंद होते. पुढे वैयक्तिक सुनावणी, तिचे इतिवृत्त आणि सकारण आदेश. बांधकाम नियमित करता येईल का, थोडा भाग पाडून भागेल का, हे आदेशात लिहायचे आणि आणखी पंधरा दिवस थांबायचे.

उणीव आहे ती सुनावणी घेणाऱ्याबाबत. तो पालिकेबाहेरचा असावा, असे निर्देश कुठेच म्हणत नाहीत. ज्या कार्यालयाने उल्लंघन झाले असे ठरवून नोटीस काढली, तेच नागरिकाचे म्हणणे ऐकणार आणि तेच निकाल देणार. काँक्रीटचा क्यूब कंत्राटदाराने स्वतःच दाबून पास केला, तर आपण तो अहवाल स्वीकारतो का? दुसऱ्या बाजूचे ऐकावे हे नैसर्गिक न्यायाचे एक तत्त्व निर्देशांत काटेकोर पाळले आहे. स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे दुसरे मात्र मागे पडले आहे.

दुसरी अडचण अपवादाची. रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे सर्वांत गरीब माणूस बाहेरच. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या १९८५ च्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने म्हटले होते की, विनानोटीस हटवण्याचा अधिकार कायद्यात असला तरी एरवी पदपथवासीयांचेही ऐकलेच पाहिजे. (मात्र आम्हीच त्यांचे ऐकले आहे, म्हणून पुन्हा सुनावणी नको, असेही तेथेच ठरले. हा भाग शिकवताना बहुधा गाळला जातो.) तो निकाल आजही कायम आहे. पण पालिकेचा कारकून नवा अपवाद तेवढा वाचेल.

वेगळी व्यवस्था अशक्य नाही. शिकागो शहराने १९९७ मध्ये उल्लंघनांच्या सुनावणीसाठी स्वतंत्र खातेच काढले, जरी पगार शहरच देत असले तरी. आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या कलम २० मध्ये याहून बरा नमुना आहे: तक्रार समितीचा अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतो आणि सरकारचा वा पालिकेचा कर्मचारी सदस्य होऊ शकत नाही. फेरीवाल्याच्या हातगाडीला जे मिळते ते घराला का नको?

अहिवाऱ्यासारख्या लहान नगरपालिकेला स्वतःचा सुनावणी अधिकारी परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण दुर्ग, भिलाई, रिसाली, भिलाई-चरोदा, कुम्हारी, जामुल आणि अहिवारा मिळून जिल्ह्याला एक असे मंडळ चालवता येईल. मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याने तेथे हजर राहावे आणि घरमालकाला त्याला प्रश्न विचारता यावेत. टेप कुठून कुठे धरली, मंजूर नकाशा कोणता, इतके साधे प्रश्न पुरेत. मंडळाचा खर्च मात्र दंडाच्या रकमेतून काढू नये. नाहीतर जितके दोषी जास्त तितके मंडळाचे उत्पन्न जास्त, असा नवाच हितसंबंध उभा राहील.