प्रेक्षकाला बसवायचं कुठे?

व्हीआर चित्रपटांबद्दल दोन तक्रारी नेहमी वेगवेगळ्या मांडल्या जातात. हेडसेट चढवल्यावर थोड्याच वेळात मळमळतं, ही एक. आणि नवलाई ओसरली की पुढे बघवत नाही, ही दुसरी. पहिलीची जबाबदारी अभियंत्यांवर आणि दुसरीची दिग्दर्शकांवर, अशी वाटणीही परस्पर होऊन गेली आहे. ती मला मान्य नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे: प्रसंगात प्रेक्षक कुठे आहे, कशावर टेकला आहे आणि तिथे त्याचं काय काम आहे, हे ठरवल्याशिवायच कॅमेरा लावला जातो. साध्या चित्रपटात हे खपून जातं, कारण तिथे प्रेक्षक थिएटरातल्या खुर्चीत असतो आणि ती खुर्ची कुणी काढून घेत नाही. हेडसेट ती काढून घेतो. तिच्या बदल्यात दुसरी जागा देणं हे व्हीआर दिग्दर्शकाचं पहिलं काम, आणि गेल्या दशकभरातल्या चित्रपटांचा निवाडा याच कसोटीवर व्हायला हवा.

रोहे तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून पाणी सुटलं की नदीला जोर येतो आणि राफ्ट उसळत निघतात. ३६० अंशांचा कॅमेरा हाती आला की तो राफ्टवर बांधावा हे कुणालाही सुचेल, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने याहून वाईट जागा नाही. प्रत्यक्ष राफ्टवर जो धक्का डोळ्यांना दिसतो तोच पाठीला बसतो, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियालाही कळतो. घरी खुर्चीत बसलेल्याला तो नुसता दिसतो. डोळे आणि कान यांची साक्ष जुळली नाही की मळमळतं, ही मीमांसा रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५ सालीच मांडली होती. त्यातली बारीक गोष्ट अशी की कानातलं हे इंद्रिय वेग ओळखत नाही, वेगातला बदल ओळखतं. म्हणून एकाच संथ गतीने सरळ जाणारा कॅमेरा पुष्कळांना सोसतो. सुटणारा, थांबणारा, वळणारा, हिंदकळणारा सोसत नाही. राफ्टवर हे चारही एकदम वाट्याला येतात.

यंत्रं सुधारतील, मग हा प्रश्न उरणार नाही, असं यावर सांगितलं जातं. यंत्रं सुधारली आहेतच. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांवर आला, सेकंदाला ९० चित्रं दाखवणारे हेडसेट २०१६ पासून बाजारात आहेत, आणि मान फिरवताना येणारी घेरी त्यामुळे बरीच कमी झाली. पण राफ्टची उसळी हा यंत्राचा दोष नाही. ती दिग्दर्शकाने मुद्दाम आणलेली आहे आणि पडदा स्वच्छ झाला म्हणून ती कमी बाधणार नाही. संशोधकांना सापडलेले उपाय वेगळीच दिशा दाखवतात. पर्ड्यू विद्यापीठात २०१५ साली दृश्याच्या खालच्या भागात प्रेक्षकाचं म्हणून एक खोटं नाक दाखवलं, तर त्रास घटला. कोलंबिया विद्यापीठात २०१६ साली हालचाल सुरू असताना दृश्याच्या कडा हळूच अंधारल्या, तेव्हाही घटला. एकाने नजरेला टेकायला स्थिर वस्तू दिली, दुसऱ्याने सरकणारं जग आवरतं घेतलं. पॅट्रिक ऑसबोर्न यांच्या ‘पर्ल’ने (२०१६) हेच काम कलेच्या अंगाने केलं. त्यात प्रेक्षक एका जुन्या मोटारीत पुढच्या सीटवर बसतो. बाहेर रस्ते आणि वर्षं सरकत राहतात, बाप आणि मुलगी मोठे होतात, पण मोटारीची चौकट नजरेभोवती पक्की असते. तीच चौकट पोट शांत ठेवते आणि तीच त्या कुटुंबाशी नातं जोडते. २०१७ साली त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

व्हीआरचा सर्वांत मोठा दावा सहानुभूतीचा. जॉर्डनमधल्या निर्वासित छावणीतल्या सीरियन मुलीवरचा ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ २०१५ साली आला, आणि हे माध्यम म्हणजे सहानुभूती निर्माण करणारं यंत्रच, असं त्याचे एक कर्ते ख्रिस मिल्क सांगू लागले. यंत्रातून सहानुभूती येत नाही. इन्यारितू यांच्या ‘कार्ने ई अरेना’त (२०१७) प्रेक्षक अनवाणी पायांनी खऱ्या वाळूवर चालतो; पाऊल खरोखर पडत असल्यामुळे डोळे आणि कान यांत तंटा उरत नाही, आणि सीमा ओलांडणाऱ्यांच्या घोळक्यात आपण उभे आहोत हे पायांनाच समजतं. ए. आर. रहमान यांच्या ‘ल मस्क’ने खुर्चीच हलती केली, जोडीला गंध दिला. दोन्ही प्रयोग अस्सल, पण खास दालनापलीकडे न जाणारे. त्या मानाने आनंद गांधी यांच्या मेमेसिस संस्थेने काढलेल्या लघुपटांची वाट आपल्याला जवळची आहे. खुशबू रांका यांचा ‘राइट टू प्रे’ त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात प्रवेश मागणाऱ्या स्त्रियांवर आहे. कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न मुळात जागेचाच, त्यामुळे तिथे विषय आणि माध्यम जुळतात.

कॅमेरा जागेवरच ठेवायचा तर चित्रपट निर्जीव होईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्याला रोह्यातच उत्तर आहे. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, पोलीस सलामी देतात, मग ती गावभर फिरते. कॅमेरा पालखीबरोबर गर्दीतून नेला तर राफ्टचीच गत होईल. तो एखाद्या घराच्या ओटीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. डावीकडच्या वळणापलीकडून वाद्यं आधी ऐकू येतील, प्रेक्षकाची मान आपणहून वळेल, गर्दी येईल, पालखी समोर थांबेल आणि उजवीकडे निघून जाईल. हालचाल भरपूर आहे. ती प्रेक्षकाकडे येते, त्याला फरपटत नेत नाही. शिवाय त्याला जागा मिळाली ती घरच्या माणसाची. अशा चित्रणात नजर कुठे न्यायची हे चौकट ठरवत नाही, आवाज ठरवतो. दिशा सांभाळून केलेलं ध्वनिमुद्रण इथे कॅमेऱ्याइतकं मोलाचं आहे, आणि आपल्याकडे खर्च कापताना पहिला घाव त्यावरच पडतो.

पेणची अडचण उलट आहे. तिथल्या, हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हालचाल थोडी आणि बारकावा फार. रंग चढल्यावर डोळ्यांची आखणी होते. कारागीर मूर्तीसमोर वीतभर अंतरावर येतो, एका हाताचा आधार दुसऱ्याला देतो, आणि बुबुळाची रेघ एका दमात ओढतो. हे जवळून पाहावं असं वाटतं, पण ३६० अंशांच्या कॅमेऱ्याला मीटरभराच्या आतलं पेलत नाही: भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात तिथे हात तुटल्यासारखा दिसतो. त्रिमितीय चित्रणात तर जवळची वस्तू बघायला डोळे आत वळतात, भिंगांचं केंद्र मात्र दूर ठरलेलं असतं, आणि कपाळ दुखू लागतं. लांब जावं तर रेघच हरवते. ४के चित्राची रुंदी ३८४० बिंदू. ते पूर्ण वर्तुळावर पसरले की समोरच्या ९० अंशांना ९६० उरतात. यातून वाट अशी: मूर्ती मोठी निवडावी, कॅमेरा रंगाच्या वाट्या पुढे करणाऱ्या मदतनिसाच्या जागी ठेवावा, मूर्ती मीटर-दीड मीटरवर असावी, आणि कारागिराचा हात जोडावर येणार नाही असं बघावं. कट करायचाच तर आधीच्या दृश्यात नजर जिथे होती, तिथेच नव्या दृश्यातली महत्त्वाची गोष्ट यावी. जेसिका ब्रिलहार्ट यांनी व्हीआरच्या संकलनाचा हा विचार तपशिलाने मांडला आहे.

सवयीने त्रास कमी होतो हे खरं, पण सवय रोज खेळणाऱ्याला लागते. गावातल्या प्रदर्शनात एकदाच हेडसेट लावणाऱ्या आजींना दुसरी संधी नसते. म्हणून पेण-रोह्याकडच्या ज्या तरुणांना हे माध्यम खुणावतं त्यांना एवढीच विनंती: ड्रोनसाठी ठेवलेले पैसे मायक्रोफोनवर घाला, प्रेक्षकाला फिरती खुर्ची द्या, आणि पहिला चित्रपट एकाच मूर्तीच्या आखणीवर, दहा मिनिटांच्या आत करा.