शेवटचा शत्रू : एका वैमानिकाच्या आत्मकथनाविषयी

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आपण बहुधा अंत्यविधीच्या वेळी ऐकतो. त्यातील सव्विसाव्या वचनात मृत्यूस शत्रूंच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे केले आहे; मात्र पौलाचा सारा भर त्या शत्रूचा नाश होणार आहे, या क्रियेवर आहे. रिचर्ड हिलरी या ब्रिटिश हवाईदलातील लढाऊ वैमानिकाचे आत्मकथन १९४२ साली लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने काढले, तेव्हा त्यास ‘द लास्ट एनिमी’ हे नाव लाभले. शीर्षकात वचनातील नाम तेवढे आले, क्रियापद मागे राहिले. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेत ते ‘फॉलिंग थ्रू स्पेस’ या नावाने निघाले होते, म्हणजे तेथे पौलही नव्हता. सेमिनरीच्या ग्रंथालयात हे पुस्तक आम्ही प्रथम वाचले ते विमानांच्या ओढीने. आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा वाचताना, ते मागे राहिलेले क्रियापदच या पुस्तकाचा आणि त्याच्या कर्त्याच्या मरणाचा खरा प्रश्न असावा असे आम्हांस वाटू लागले आहे.

हिलरीचा जन्म २० एप्रिल १९१९ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे झाला. शिक्षण इंग्लंडात, श्रूजबरी येथील शाळेत व पुढे ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयात. देखणा, हुशार, वल्ही मारण्यात तरबेज आणि स्वतःवर बेहद्द खूश असा हा तरुण होता. १९३८ साली तो मित्रांसह जर्मनीत बाट एम्स येथे नौकाशर्यतीस गेला आणि गोअरिंगच्या नावाचे पारितोषिक जिंकून आला. हा प्रसंग तो मोठ्या मिश्किलपणे सांगतो. मात्र आपल्या पिढीचा पोकळपणाही तो लपवीत नाही. देश, धर्म, कर्तव्य हे शब्द ऐकले की या मुलांना हसू येई. युद्ध आले ते त्यांच्या लेखी एक अनुभव म्हणून.

आकाशातील लढाईस पुस्तकात फार जागा नाही. ६०३ क्रमांकाची त्याची तुकडी ऑगस्ट १९४० च्या अखेरीस हॉर्नचर्चच्या विमानतळावर आली आणि आठवडाभरात त्याच्या नावे शत्रूची पाच विमाने पाडल्याची नोंद झाली. त्यास पदक मिळाले नाही. त्याच तुकडीतील न्यूझीलंडच्या ब्रायन कारबरीने ३१ ऑगस्ट या एका दिवसात पाच विमाने पाडली, त्यास डी.एफ.सी. हे पदक दोनदा देण्यात आले. आपल्याकडे शूराचे चरित्र म्हटले की पदकांची यादी आधी पाहण्याची रीत आहे. ती लावली तर हिलरीचे नाव घेण्याचे कारणच उरणार नाही.

३ सप्टेंबर १९४० रोजी त्याच्या स्पिटफायरने पेट घेतला. हातात मोजे नव्हते, डोळ्यांवर गॉगल ओढलेला नव्हता, डोक्यावरचे झाकण सरकेना. कसाबसा तो बाहेर पडला आणि समुद्रात कोसळला. त्या पाण्यात तो मरणाची वाट पाहत राहिला. मरण येईना तेव्हा तरंगत्या जाकिटातील हवा त्याने स्वतःच सोडून दिली. पण छत्रीच्या दोऱ्यांत तो असा गुंतला होता की बुडणेही जमेना. पुढे मारगेटच्या जीवरक्षक नौकेने त्यास उचलले. जीव देण्याचा हा प्रयत्न हिलरी ज्या कोरडेपणाने सांगतो त्याची आम्ही मनापासून वाखाणणी करतो. तेथे त्याने दया मागितलेली नाही, तत्त्वज्ञानही सांगितलेले नाही. अशा वेळी माणसाच्या मनात काय चालते, हे आम्हां धर्मगुरूंना खाटेशेजारी बसूनही क्वचितच कळते. या दोन पानांत ते कळते.

आमच्या मते पुस्तकाचा गाभा रुग्णालयाच्या प्रकरणांत आहे. जळालेल्या हातांवर त्या काळच्या प्रघाताप्रमाणे टॅनिक आम्लाचा लेप चढविला गेला. तो वाळून दगडासारखा झाला व आत बोटे आखडली. पापण्या जळून गेल्या होत्या. पुढे ईस्ट ग्रिनस्टेड येथे आर्चिबाल्ड मॅकिंडो या न्यूझीलंडच्या शल्यविशारदाने त्याच्याच कातड्यातून नव्या पापण्या व नवे ओठ घडविले. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा बऱ्या भरतात हे हेरून मॅकिंडोने लेप बंद करविला आणि मिठाच्या पाण्याची स्नाने सुरू केली. तेथील रुग्णांनी १९४१ साली स्वतःचा ‘गिनी पिग क्लब’ काढला. युद्ध संपेतो त्याचे ६४९ सभासद झाले. हिलरीच्या लेखणीत या जागेचा वास आहे, वेदनेची चिडचिड आहे, परिचारिकांवर काढलेला राग आहे. तो चांगला रुग्ण नव्हता, आणि चांगला असल्याचा आव त्याने आणलेला नाही.

दुसरे थोर प्रकरण पीटर पीझ या मित्राचे. पीझ श्रद्धावंत ख्रिस्ती होता. तू कशासाठी लढतोस, या प्रश्नावर दोघांचा दीर्घ वाद होतो. हिलरी म्हणतो, स्वतःसाठी, स्वतःचे जगणे भरून यावे म्हणून. पीझला लढायचे असते ते जगावरची भीती हटावी म्हणून, आणि त्याच्या लेखी हे ख्रिस्तानुसरणच असते. वाद हिलरी घालतो, युक्तिवाद त्याचे अधिक धारदार आहेत; तरी प्रकरण मिटताना वाचकाच्या मनात उरतो तो पीझ. अश्रद्ध लेखक श्रद्धावंताला बहुधा भोळा करून टाकतो, आणि (हे सांगितलेच पाहिजे) आपल्या नियतकालिकांतील कथाकारही नास्तिकाची तीच गत करतात. हिलरीने हा अन्याय टाळला. १५ सप्टेंबर रोजी पीझ लढाईत पडला. गुंगीच्या औषधाखाली असताना आपण ते मरण जणू डोळ्यांनी पाहिले, असे हिलरी लिहितो. पुढे पीझची वाग्दत्त वधू डेनीस त्यास भेटते. मेलेला माणूस आपल्यापासून तुटलेला नाही, ही तिची खात्री त्याला अस्वस्थ करते.

आणि मग शेवटचे प्रकरण. लंडनवर बॉम्ब पडत आहेत. ढासळलेल्या घराखालून एका स्त्रीला बाहेर काढतात, तिचे मूल मेलेले आहे. हिलरी तिला ब्रँडीचा घोट देतो. त्याचा विद्रूप चेहरा पाहून ती त्यास आपल्यासारखाच एक जखमी समजते आणि प्राण सोडते. त्या क्षणी त्याचा सारा अहंकार गळून पडतो. आपण मेलेल्या मित्रांचे आणि माणुसकीचे देणेकरी आहोत हे त्यास उमगते आणि तो लिहिण्याचे ठरवितो.

परिवर्तनाची कथा सांगणे हा आमचा आठवड्याचा धंदा आहे, म्हणूनच येथे आम्हांस शंका आली. प्रसंग फार नेटका बसला आहे, प्रवचनातील दृष्टांतासारखा. पुढील काळात चरित्रकारांनीही त्याच्या वास्तवतेविषयी संशय व्यक्त केला आहे. पण तो घडला की रचला, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. मुख्य प्रश्न घाईचा आहे. संत आगुस्तीन ३८६ साली पालटला, त्याने ते लिहिले दहा-अकरा वर्षांनी. लोयोलाचा इग्नेशियस तर हिलरीचा सख्खा भाऊ शोभावा : १५२१ साली पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडलेला, रूपाचा इतका अभिमानी की वाकडे जुळलेले हाड दिसू नये म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया सोसणारा. त्याने आपली हकीकत सांगण्यास आरंभ केला तो ३० वर्षे उलटल्यावर. हिलरीचे पुस्तक जळाल्यानंतर दोन वर्षांच्या आत बाजारात होते. ज्या रात्री डोळे उघडले ती त्याने लिहिली. डोळे उघडल्यावर येणारी साधी, कंटाळवाणी सकाळ लिहायला त्याच्याजवळ काळच नव्हता. पौलाचे क्रियापद उच्चारायचे तर ती सकाळ आधी अनुभवावी लागते.

१९४१ साली त्यास अमेरिकेत प्रचारासाठी पाठविले होते. तेथे हा चेहरा लोकांपुढे, विशेषतः मातांपुढे नेऊ नये असे अधिकाऱ्यांनी ठरविले आणि त्याचा केवळ आवाज रेडिओवरून ऐकविला. (आपल्या मुंबईत जन्मलेली अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिच्याशी त्याचा स्नेह जुळला तो याच मुक्कामात, पुस्तकात तिला स्थान नाही.) पुस्तक गाजले. त्याने लेखक म्हणून सुखाने जगावे अशी सर्वांची इच्छा होती. त्याने मात्र पुन्हा उड्डाणाचा हट्ट धरला आणि स्कॉटलंडमधील चार्टरहॉल येथे रात्रीच्या लढाऊ विमानांच्या प्रशिक्षणास गेला. त्या तळाला सैनिक थट्टेने ‘स्लॉटरहॉल’, म्हणजे कत्तलखाना म्हणत. जेवताना ज्या हातांना सुरी-काटा नीट धरवत नसे, त्यांनी ब्लेनहाइमसारखे अवजड विमान अंधारात चालवायचे होते. ८ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते विमान कोसळले.

तो का परतला याची उत्तरे पुष्कळांनी दिली. आर्थर कोस्लर याने त्याच वर्षी ‘होरायझन’ मासिकात निबंध लिहून, एका दंतकथेचा जन्म कसा होतो ते दाखविले. आमचे उत्तर साधे आहे : पुस्तकातील माणूस जेथे पोचला होता तेथे लिहिणारा माणूस पोचला नव्हता, आणि आपले शेवटचे प्रकरण खरे करून दाखविण्यासाठी त्यास विमानाखेरीज दुसरे साधन ठाऊक नव्हते. यात त्याची प्रामाणिकता आहे, पण तिच्या पोटात जुना अभिमानही शिल्लक आहे.

हा अभिमान आम्ही उगाच काढीत नाही. त्या रात्री विमानात दोघे होते. दुसरा विल्फ्रेड फिसन, दिशा दाखविणारा सार्जंट, हिलरीपेक्षा वयाने बराच मोठा. पायलटची बोटे किती वळतात यावर त्याचाही जीव टांगलेला होता. ज्या पुस्तकाचा शेवट परक्या माणसाचे देणे ओळखण्यात होतो, त्याच्या कर्त्याने हा हिशेब मांडला होता काय, हे त्याच्या चाहत्यांनी क्वचितच विचारले. हिलरीची रक्षा एका विमानातून इंग्लिश खाडीवर विखुरण्यात आली, ज्या पाण्याने त्यास पहिल्या वेळी बुडू दिले नव्हते त्याच पाण्यावर. ही गोष्ट प्रत्येक लेखक सांगतो. फिसनचे नाव आम्हांस बहुतेक ठिकाणी एका ओळीत भेटले, काही ठिकाणी तेही नाही.