व्याख्या, उदाहरणवाक्य आणि मणिकर्णिका घाट

तुमच्याकडे अशी एक वही असण्याची शक्यता आहे. डाव्या रकान्यात अवघड इंग्रजी शब्द, मधल्या रकान्यात त्याची व्याख्या, उजवीकडे एक वाक्य. रोज दहा शब्द, महिन्याला तीनशे. स्पर्धा परीक्षेत समानार्थी शब्दावर खूण करायची असेल, तर ही वही उपयोगी पडते, हे आधीच मान्य करू. प्रश्न पुढचा आहे. हे शब्द घेऊन तुम्हाला काही सांगता येते का?

पारखण्यासाठी वाराणसीचा मणिकर्णिका घाट घेऊ. अंत्यसंस्कार ही गोष्ट तुम्हाला मराठीतून नीट माहीत आहे. त्यामुळे इंग्रजीत सांगताना काही चुकले, तर ते माहितीचे नव्हे, शब्दांचे चुकले हे स्पष्ट दिसेल.

आधी नावच पाहा. 'मणिकर्णिका' म्हणजे कानातले रत्नजडित भूषण. व्याख्या अचूक आहे, पण तेवढ्यावरून तिथे चिता जळतात हे कुणालाही कळणार नाही. त्या कुंडात कानातले भूषण पडल्याची पुराणकथा, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात घाटाचे केलेले बांधकाम, काशीत जन्मलेल्या मोरोपंत तांब्यांच्या मुलीचे, म्हणजे पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाईंचे, हेच नाव. मराठी माणसाच्या मनात हे सगळे त्या शब्दासोबत येते. व्याख्येत यातले काही नाही.

आता इंग्रजी 'पायर' हा शब्द घ्या. वहीत लिहिलेले असते: प्रेत जाळण्यासाठी रचलेला लाकडांचा ढीग. बरोबर आहे. आता 'मुलाने वडिलांना अग्नी दिला' हे इंग्रजीत लिहा. पुष्कळ विद्यार्थी लिहितील, 'द सन सेट फायर टू हिज फादर्स बॉडी'. व्याकरण शुद्ध, प्रत्येक शब्दाचा कोशातला अर्थ बरोबर, आणि वाचणाऱ्याला वाटेल की गुन्ह्याची बातमी वाचतो आहोत. तिथे 'लिट द पायर' हवे. अशी चूक तुम्ही मराठीत कधीच करणार नाही. चितेला आपण आग लावत नाही, अग्नी देतो. मंत्रांसह दिला तर मंत्राग्नी, मंत्रांवाचून दिला तर भडाग्नी. तिरडी बांधतात, सरण रचतात, चिता पेटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करत नाहीत, सावडतात. 'सावडणे'ची व्याख्या तुम्हाला कुणी पाठ करायला दिली होती का? तो शब्द घरात, नेमक्या वेळी, 'अस्थी' या सोबत्यासह कानावर पडला.

शब्दाचे हे सोबती नोंदवले पाहिजेत, हे आपल्याच भाषेच्या कोशकाराला ठाऊक होते. जे. टी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. त्यात पुष्कळ नामांपुढे कोणती क्रियापदे येतात ते दिले आहे: कर, हो, घाल, लाग, दे. इंग्रज शिकाऊ माणसाला मराठी नामाचा अर्थ कळून भागत नाही, त्याला ते वाक्यात चालवता आले पाहिजे, हे त्यामागे आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी आपण उलट दिशेने शिकतो आहोत, आणि आपल्या बहुतेक याद्यांत नेमकी हीच नोंद गाळलेली असते.

(जाता जाता: तिरडीला इंग्रजीत 'बिअर' म्हणतात, आणि पिण्याच्या बिअरचा उच्चार तोच. 'मॉर्निंग'ही शोक आणि सकाळ दोन्हींसाठी तसाच ऐकू येतो. इथे मात्र स्पेलिंग पाठ करण्याला पर्याय नाही.)

सोबती चुकले तर वाक्य विचित्र होते, एवढेच. त्याहून गंभीर दोष वेगळा आहे. 'मकाब्र' हा शब्द प्रगत शब्दांच्या यादीत हटकून असतो. व्याख्या साधारण अशी: मृत्यूशी संबंधित असल्यामुळे अस्वस्थ करणारे, भयानक. पुढे एखाद्या भयपटाविषयीचे वाक्य. विद्यार्थी ते वाचतो आणि घाटावरच्या निबंधात लिहितो की तिथले वातावरण मकाब्र होते. पण कुणाला अस्वस्थ करणारे? लाकूड मोठ्या तराजूत तोलून देणाऱ्याला? पिढ्यान्‌पिढ्या चितेचा अग्नी देत आलेल्या डोम समाजाला? काशीत मरण आले तर मोक्ष, या श्रद्धेने वडिलांना दूरवरून घेऊन आलेल्या मुलाला? तो शब्द पाहुण्याच्या नजरेतून आलेला आहे. पाहुण्याने तो वापरावा, कारण ती त्याची भावना आहे. तुम्ही नकळत वापरलात, तर स्वतःच्या माणसांचा निरोप परक्याच्या डोळ्यांनी सांगता. घाटाचे वातावरण गंभीर वाटले असेल तर 'सॉलेम' आहे. रोजचे, निर्विकार काम दिसले असेल तर 'मॅटर-ऑफ-फॅक्ट' आहे. आधी काय वाटले ते ठरवा, शब्द नंतर.

कोशांनी या अडचणीवर काम केलेले आहे. बंगालमध्ये शिकवलेल्या मायकेल वेस्टने 1935 च्या कोशात व्याख्यांसाठी फक्त 1,490 शब्द वापरले. ए. एस. हॉर्नबीचा कोश 1942 मध्ये जपानमध्ये छापला गेला, पुढे तोच ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश झाला. क्रियापद वाक्यात कसे बसते हे त्याने दाखवले. 1987 च्या कोबिल्डने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली आणि उदाहरणे प्रत्यक्ष छापील व बोली मजकुरातून घेतली. माझ्या मते तुमच्यासाठी यांतला सर्वांत उपयोगी कोबिल्ड. पण तेही मजकूर मुख्यतः तिकडचेच. मणिकर्णिकेवर काय बोलावे, हे त्यातून आपोआप मिळणार नाही.

व्याख्या कधी केवढी महत्त्वाची ठरते, याचा एक दाखला. आधुनिक इंग्लंडमध्ये दहन 1885 मध्ये वोकिंग येथे सुरू झाले, कायदा 1902 चा. त्या कायद्यात दहनगृह म्हणजे त्यासाठी सोयी असलेली 'बिल्डिंग'. न्यूकॅसलचे देवेंदर घई यांना आपले दहन हिंदू रीतीने, लाकडाच्या चितेवर, सूर्यप्रकाश पडेल असे व्हावे अशी इच्छा होती. 2009 मध्ये उच्च न्यायालयात ते हरले. 2010 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की 'बिल्डिंग' हा शब्द रोजच्या वापरात पुरेसा सैल आहे. छताला उघडी जागा असलेली, भिंती पूर्ण बंद नसलेली रचनाही त्यात बसते. एका माणसाचा शेवटचा संस्कार एका सोप्या शब्दाच्या अर्थावर अडला होता, आणि तो शब्द तुमच्या प्रगत यादीत कधीच येणार नाही.

आता वही उघडा आणि 'पायर'च्या ओळीत एक चौथा रकाना आखा. त्यात 'लाइट', 'बिल्ड', 'फ्युनरल' हे सोबती लिहा. 'मकाब्र'च्या ओळीत त्याच रकान्यात लिहा: कोण म्हणतो. मग तुमच्या गावच्या स्मशानाविषयी, तिथे गेलेल्या माणसाच्या नजरेतून, पाच इंग्रजी वाक्ये लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.