‘कोरड्या’ घटातला ओला लगदा

बालभारतीच्या आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात (२०१८) कोरड्या विद्युतघटाची माहिती आहे. त्यातील विद्युत अपघटनी म्हणजे झिंक क्लोराइड व अमोनिअम क्लोराइड यांचा ओला लगदा, हे पाठात स्पष्ट सांगितले आहे. त्याबद्दल लेखकांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु लगद्यामुळे या घटातून फार कमी धारा मिळते, असे जे कारण पुढे दिले आहे, ते आम्हांला पटत नाही.

लेक्लांशेच्या १८६६ च्या घटात नवसागराचे द्रावण काचेच्या बरणीत असे. बरणी कलंडली की ते सांडे. गॅस्नर यांनी (अमेरिकी पेटंट, १८८७) ते प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुरवले. पुढे गव्हाचे पीठ व स्टार्च वापरात आले. म्हणजे पाणी काढून टाकले गेले नाही, त्याचे वाहणे तेवढे थांबले. जेलचे मर्म हेच आहे. सूक्ष्म जाळ्यात द्रव अडकतो. पण जाळ्याची छिद्रे आयनांच्या मानाने फार मोठी असल्याने आयन त्यांतून सहज सरकतात.

मग धारा कमी का? इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ लहान असते आणि रासायनिक क्रियेतून तयार होणारे पदार्थ इलेक्ट्रोडपाशी साचत जातात, ही मुख्य कारणे. उलट उदाहरणही आहे. सल्फ्युरिक आम्लात सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळून घट्ट केलेली लेड-आम्ल बॅटरी जर्मनीतील झोनेनशाइन कंपनीने १९५० च्या दशकात तयार केली. तिच्यात रुंद पट्ट्या अनेक असतात, म्हणून जेल असूनही ती भरपूर धारा देते. मोबाइलमधील काही चपट्या लिथिअम-पॉलिमर घटांतही सेंद्रिय द्रव असाच पॉलिमरच्या जाळ्यात धरलेला असतो.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. कुर्ल्याचे उदाहरण घ्या. तेथील सीएसटी रोडवर गाड्यांच्या जुन्या भागांचा आणि भंगाराचा व्यवसाय चालतो. अशा वस्तीतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाने ‘कोरडी’ म्हणजे निर्धोक असा अर्थ घेतला, तर न सांडणारी सीलबंद बॅटरी फोडताना तो बेसावध राहील. जेल झाले तरी आम्ल आम्लच राहते. कातडी भाजते, डोळा जातो. शिसेही तेवढेच विषारी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आले, वापरलेल्या बॅटऱ्या अधिकृत संकलकाकडेच द्याव्यात अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यामागचे कारण मुलांना कळायला हवे, आणि ते याच पाठात सांगता येण्याजोगे आहे.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. चायना ग्रास पाण्यात उकळून एका पेल्यात थिजू द्यावे. पेला उलटा केला तरी ते सांडत नाही. आता वर मोरचुदाचा छोटा खडा ठेवावा. दुसऱ्या दिवशी निळा रंग खाली उतरलेला दिसेल. पाणी जागचे हलले नाही, आयन मात्र पुढे गेले! (मोरचूद विषारी असल्याने जेलीला कोणी तोंड लावू नये आणि नंतर हात धुवावेत.)

पाठाच्या पुढील आवृत्तीत दोन दुरुस्त्या व्हाव्यात, अशी आमची सूचना आहे. कमी धारेचे खरे कारण द्यावे. आणि ‘कोरडा’ म्हणजे ‘न सांडणारा’, ‘पाणी नसलेला’ नव्हे, असे एक वाक्य घालावे. तोवर ते वाक्य शिक्षकांनीच फळ्यावर लिहावे.