ऐकू न येणारा गुरू

संगीत ही समोर बसून घ्यावयाची विद्या आहे, असा आपल्याकडे समज आहे आणि तो अकारण नाही. गोव्याच्या चर्चशाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत, तेव्हा चुकलेला स्वर त्यांच्या कानांतून सुटत नसे. आज गिटार शिकू पाहणारा मुलगा मात्र बहुधा संगणकाच्या पडद्यासमोर बसतो. या नव्या गुरुकुलाचे मूल्यमापन व्हावयास हवे.

त्यासाठी जस्टिन सँडरको यांची पाठमाला घेऊ. टास्मानियात जन्मलेल्या व लंडनमध्ये स्थिरावलेल्या या शिक्षकाने २००३ मध्ये आपले संकेतस्थळ सुरू केले. मुख्य धडे विनामूल्य ठेवले, ही त्यांची उदारता. परंतु त्यांचे खरे श्रेय मांडणीत आहे. आरंभीच्या ए, डी आणि ई या तीन कॉर्ड पाहा. ए वाजविताना ते तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवावयास सांगतात. डी वाजविताना ती तेथेच राहते. ईसाठी ती तार न सोडता एक घर मागे सरकते. एक बोट स्थिर राहिले की उरलेल्यांना दिशा सापडते. मग मिनिटभरात एका कॉर्डवरून दुसरीवर किती वेळा जाता आले, ते मोजून लिहून ठेवावयाचे. आपली प्रगती आपणच पाहावी, अशी ही योजना. अध्यापनाचा असा बारकाईचा विचार समोरासमोरच्या शिकवणीतही नेहमी आढळतो असे नाही.

मग उणीव कोठे? उणीव शिक्षकात नाही, माध्यमात आहे. पन्नाशी उलटल्यावर प्रस्तुत लेखकानेही हे धडे गिरविले. चार महिने मनगट वाकडे ठेवून जी कॉर्ड वाजविली. पहिली तार मुकी राहत होती, हे ध्यानातही आले नाही. शेजारच्या एका तरुणाने ते क्षणात हेरले. पडद्यावरील गुरू दिसतो, बोलतो. त्याला ऐकू मात्र येत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हा गुरू आज्ञाधारक आहे. कळ दाबली की थांबतो, मागे जातो, संथ होतो. त्यामुळे शिष्याला आपल्या सोयीच्या लयीची सवय जडते. पहिल्यांदा गायकवृंदासोबत वाजविण्याचा प्रसंग आला, तेव्हा कॉर्ड सगळ्या येत होत्या, पण गाणे पुढे निघून गेले आणि आम्ही मागे राहिलो. चाळीस माणसांचे गाणे कोणासाठी थांबत नसते. थेट दूरसंवादातूनही ही अडचण सुटत नाही. आवाज पोहोचावयास क्षणार्धाचा विलंब होतो आणि दोघांची लय जुळत नाही.

म्हणून या धड्यांना नाकारणे योग्य होईल काय? मुळीच नाही. ज्या गावात शिक्षक नाही, ज्या घरात शुल्काची ऐपत नाही, तेथे त्यांनी दार उघडले आहे. मात्र दार म्हणजे घर नव्हे. अशा धड्यांनी शिष्याला योग्य वेळी सांगावे: आता हा पडदा मिटव, आणि तुझी चूक ऐकेल असा एक कान शोध.

आम्हाला तो कान शेजारीच मिळाला. वय वर्षे एकोणीस. तो थांबत नाही, हेच त्याचे मोठेपण.